पयले पैसे, मंग घोट

आमच्या घरमालकांना चहा पाजणं ही भिवंडीतली सगळ्यात अवघड गोष्ट होती. चहा त्यांना जिवापाड प्रिय, पण पाजायचा म्हणजे पैसे आपण द्यायचे, आणि घोडं तिथेच पेंड खायचं. टपरी नजरेच्या टप्प्यात आली की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेलेला असायचा, आणि दूध उकळायच्या आत पैसे फळीवर. टपरीवाला जौनपूरकडचा. तो रोज म्हणायचा, "काका, पहले पी तो लो." आणि काका रोज म्हणायचे, "पयले पैसे, मंग घोट."

एकदा पैसे फळीवर पडले आणि नेमकं तेव्हाच दूध नासलं. टपरीवाला म्हणाला, उद्या दोन कप प्या. काका पैसे परत घेतल्याशिवाय हलले नाहीत. "माझं तुज्यावर नको, तुजं माझ्यावर नको," असं म्हणून छत्री उघडून चालते झाले. छत्री बाराही महिने त्यांच्याजवळ असायची, कारण ऐन वेळी कोणाची मागावी लागू नये.

न्हाव्याचंही तेच. खुर्चीत बसायच्या आधी पैसे. त्या न्हाव्याने एकदा पैसे खिशात घातले, काकांच्या तोंडाला साबण फासला, एक गाल केला आणि नाक्यावर भांडण लागलं म्हणून वस्तरा हातात घेऊन बघायला पळाला. काका अर्ध्या दाढीने शांत बसून राहिले. मी तिथून जात होते, मला हसू आवरेना. म्हटलं, "काका, म्हणून लोक पैसे नंतर देतात." तर म्हणाले, "त्याचं काम बाकी हाय, वकीलबाई. माझं काय बाकी न्हाय."

देवीलासुद्धा ह्यातून सूट नव्हती. इतर लोक नवस बोलतात, काम झालं की फेडतात. काका आधी नारळ फोडायचे, आधी साडी नेसवायचे आणि मग देवीला काय हवं ते सांगायचे. काम झालं नाही तर देवीशी भांडण नाही, पण झालं तर तिचा हिशेब चुकता. काकू म्हणायच्या, "ह्यांचा काय भरवसा न्हाय. वर जायच्या आधी सरनाचे पैसे देऊन ठेवतील."

आणि ह्या माणसावर, माझ्या ह्या काकांवर, उधार घेतलेले पैसे बुडवल्याचा दावा लागला. आज इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य लिहिताना माझं डोकं तापतं.

मी पेणची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, वकिलीची सनद नुकती हातात पडली होती, आणि वडिलांच्या ओळखीचे एक ज्येष्ठ वकील भिवंडीच्या कोर्टात काम करायचे, त्यांच्या हाताखाली मी लागले. राहायला खोली हवी होती. बाईमाणूस, एकटी आणि त्यात वकील, म्हणजे तीन तीन दोष. काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "आवाज चालंल ना?" मी म्हटलं चालेल. मला काय माहीत.

खाली लूमचा कारखाना, मागे काका-काकूंचं घर, आणि लूमच्या बरोबर डोक्यावर माझी खोली. लूम सुरू झाले की जमीन थरथरायची. फळीवरच्या कपबश्या सरकत सरकत कडेला यायच्या आणि मी कोर्टातून आले की त्यांना परत भिंतीशी नेऊन लावायची. सुरुवातीला झोप येईना. पुढे उलटं झालं. शुक्रवारी कारखाने बंद असत आणि त्या शांततेत मी टक्क जागी.

भाड्याचा प्रश्न काकांनी पहिल्याच दिवशी सोडवला. महिन्याच्या आधी भाडं घेतलं तर ते माझे देणेकरी, नंतर घेतलं तर मी त्यांची. म्हणून भाडं पंधरा तारखेला. "पंधरा दिवस तुमचं माझ्यावर, पंधरा दिवस माझं तुमच्यावर. फिट्टंफाट." माझ्या कायद्याच्या कॉलेजात इतका स्वच्छ करार मला कोणी शिकवला नव्हता.

ते मूळचे खाडीकाठचे. राहनाळला रस्त्याला लागून त्यांची वडिलोपार्जित भाताची जमीन होती. वडिलांनी गावात येऊन चार लूम टाकले, काकांनी आणखी काही वाढवले. जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे काकांना दोनच तऱ्हांनी बोलता यायचं. लूम चालू असताना नुसते ओठ आणि हात हलवून, आणि लूमपासून लांब असताना ओरडून. तिसरी तऱ्हा नव्हती. भिवंडीतल्या कुठल्याही कारखान्यात शिरा, सूत घेऊन धोटे इकडून तिकडे धावत असतात, कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळत नाही, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. तागा संपला, सूत तुटलं, शिफ्ट बदलली, पोरगी झाली, सगळं ओठांवरून. मीही वरखाली करता करता शिकले. जिन्यातूनच कळायचं की कारागीर माझ्या स्वयंपाकाला काय म्हणतायत.

आणि कारखान्याबाहेर आले की काकांचा आवाज. काकूंना ते एखादं गुपित सांगायला लागले की समोरच्या गल्लीतून उत्तर यायचं.

तर तो दावा. काका एका मुंबईच्या सूतवाल्या शेठचं काम करायचे. सूत शेठचं, लूम काकांचे, कापड परत शेठचं, काकांना विणायची मजुरी. तीसुद्धा एका हाताने तागे, दुसऱ्या हाताने पैसे. सूत घेऊन टेम्पो यायचा, त्याच्याबरोबर पावत्यांचा गठ्ठा. लूम धडधडत असायचे. टेम्पोवाला बोटाने जागा दाखवायचा आणि काका सही करायचे. कशावर, किती, कशाला, हे त्या आवाजात कोण विचारत बसतो? सगळी भिवंडी अशीच सही करायची. गठ्ठ्यात कधी एखादा कोरा, रेव्हेन्यू तिकीट लावलेला कागद आला असेल तर तो कोणाला दिसणार?

त्या सुमारास कशेळीपासून पुढे रस्त्याकडेला गोडाऊनं उभी राहायला लागली होती. शेठला राहनाळची जमीन हवी होती. त्याने दोनदा विचारलं, काकांनी दोनदा नाही म्हटलं. आणि मग एक दिवस बेलीफ आला आणि कारखान्याच्या दारावर कोर्टाचा कागद चिकटवून गेला. शेठने काकांना रोख पैसे हातउसने दिले होते म्हणे, काकांनी सही करून लिहून दिलं होतं म्हणे, ते बुडवले म्हणे, आणि निकाल लागेपर्यंत काकांनी लूम किंवा जमीन विकू नये.

संध्याकाळी मी आले तेव्हा काका त्या कागदासमोर छत्री उघडून उभे होते. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मला म्हणाले, "वकीलबाई, सही माझी हाय. पैसे न्हाय घेतले." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला नाही.

लोक तोंडावर काही बोलले नाहीत. गल्लीतल्या बायका भिशीचे पैसे काकूंकडे ठेवायच्या. एकेक बाई गोड बोलत आली, "दिराला लागतायत," "आईकडं पाठवायचे हायत," आणि घेऊन गेली. काकूंनी सगळ्यांना चहा केला, पैसे दिले आणि सगळ्या गेल्यावर डबा उपडा घालून ठेवला. पण काकांना लागलं ते दुसरंच. टपरीवर त्यांनी नेहमीसारखे आधी पैसे ठेवले, आणि टपरीवाल्याने, ज्याने इतक्या वर्षांत कधी त्यांच्या पैशांकडे पाहिलं नव्हतं, त्याने ते मोजले. काका चहा तसाच ठेवून घरी आले. दोन दिवस जेवले नाहीत.

माझ्या वरिष्ठांनी कागद चाळले आणि केस माझ्याकडे सरकवली. सही कबूल आहे म्हणजे केस अवघड, आणि अवघड केस शिकाऊ माणसाला द्यावी, म्हणजे हरल्याचं वाईट वाटत नाही. मी फीचं "बघू नंतर" म्हणायला गेले आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. पूर्ण फी आगाऊ. हातात ठेवून म्हणाले, "आता लिवा. पयल्या पानावर लिवा, दावा खोटा हाय आनि मला भरपाई पायजे. कोर्टाचा खर्च, तुमची फी, समदं."

मी म्हटलं, "काका, आधी दावा फेटाळून तर घेऊ. सुटलात तर ते मागता येईल."

"सुटलो म्हंजे काय?" त्यांचा मूळ आवाज परत आला होता. खाली एक लूम बंद पडला असावा असं मला वाटलं. "मी अडकलो कवा व्हतो? दावा फेटाळला तर लोक काय बोलतील? वकीलबाईनं सोडवला. म्हंजे घेतलं व्हतं, पन सुटला. भरपाई भेटली तर बोलतील, घेतलंच न्हवतं."

सगळी वकिली एका बाजूला आणि हे एका बाजूला. दाव्याला द्यायच्या उत्तराच्या, म्हणजे कैफियतीच्या, पहिल्या पानावर तेच लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, "कशाला उगाच? कोणी देत नाही." मी म्हटलं, अशिलाची इच्छा.

शेठ स्वतः साक्षीला आला नाही. त्याचा भाचा आला. मुंबईच्या ऑफिसात बसणारा, अत्तर लावलेला, चुणचुणीत. भिवंडीत त्याचं कधी येणं नव्हतं, पण साक्ष पाठ करून आला होता. म्हणाला, पैसे मीच घेऊन गेलो. कारखान्यात दिले. आणि काका हळूच मला म्हणाले, "दोन महिन्यांत राहनाळची जमीन विकून देतो, घरात कळू देऊ नका."

हळूच. मी काकांकडे पाहिलं. ते मागच्या बाकावर बसून छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होते, म्हणजे बहुतेक ऐकत नव्हते, ओठ वाचत होते.

मी उलटतपासणीला उभी राहिले. विचारलं, "लूम चालू होते?"

"होय. सगळे चालू होते."

"कामगार होते?"

"होते ना. म्हणून तर ते हळू बोलले."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"दाराशी. ते पहिल्या मशीनजवळ."

"आणि तुम्हाला स्पष्ट ऐकू आलं?"

"एकदम स्पष्ट."

कोर्टात बसलेले भिवंडीचे लोक हसायला लागले. शिरस्तेदारांनी तोंड फिरवलं, पट्टेवाल्याने टोपी नीट केली. एक न्यायाधीश तेवढे हसले नाहीत. ते मराठवाड्यातून नुकते बदलून आले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" शिरस्तेदार म्हणाले, लूमचा आवाज असतो. "आवाज असतो म्हणजे किती असतो?"

मी म्हणाले, "साहेब, सांगून कळणार नाही. ऐकायला यावं लागेल."

वरिष्ठांनी मागून माझा काळा डगला ओढला. पण तीर सुटला होता. आणि साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अर्ज द्या." मी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. अक्षर माझंच मला वाचता येईना.

कोर्ट आमच्या गल्लीत येणार ही बातमी शेलार गावापर्यंत गेली असावी, कारण त्या दिवशी तिकडचे लोक सायकलींवरून आले होते. काकूंनी अंगणात सडा घातला. काका धुतलेल्या लेंग्यात, टोपीत, छत्री घेऊन दारात. साहेब गाडीतून उतरले तोच काकांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं स्वागत केलं, "साहेब, चहा घ्या, पैसे दिलेत." साहेबांनी हात जोडून नको म्हटलं. कोर्टाला कोणाचा चहा चालत नाही. काकांना ते फार आवडलं. पुढे ते साहेबांना कायम "आपल्यातला मानूस" म्हणायचे.

साहेबांनी काकांना एकट्याला गल्लीच्या टोकाला नळापाशी नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. आम्ही सगळे लांब उभे. आणि नळापासून आवाज आला, "छत्री हातात हाय माझ्या, साहेब. इसरलो कसं म्हनू?"

'मी छत्री विसरलो,' हे वाक्य काकांनी लूमजवळ हळूच म्हणायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. ते बोंबललं. गल्ली खो खो हसली, साहेबही हसले, विरुद्ध बाजूचे वकील तेवढे हसले नाहीत. साहेबांनी पुन्हा काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि ह्या वेळी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. काकांनी मान डोलावली. ह्या वेळचं वाक्य त्यांना पटलेलं दिसलं.

मग आम्ही आत गेलो. लूम पूर्ण जोरात होते. साहेबांनी दोन्ही हात कानांकडे नेले आणि लगेच खाली घेतले, कोर्टाला ते शोभत नाही म्हणून. भाचा सांगितल्याप्रमाणे दाराशी उभा राहिला, साहेब त्याच्या शेजारी. काका पहिल्या लूमपाशी गेले आणि त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात एक वाक्य बोलले. मी जिन्याच्या पायरीवरून त्यांचे ओठ वाचले आणि कठडा धरला. भाच्याने समजल्यासारखी मान हलवली.

सगळे बाहेर आलो. साहेबांनी भाच्याला विचारलं, "काय म्हणाले ते?"

भाचा म्हणाला, "साहेब, पैशाचंच बोलले. दोन महिन्यांत देतो म्हणाले."

"पैशाचंच बोलले, बरोबर," साहेब म्हणाले. "मी त्यांना सांगितलं होतं, म्हणा, चहाचे पैसे दिलेत."

भाचा खाली बघायला लागला. त्याच्या वकिलांनी घड्याळ पाहिलं. काकांनी मला लांबून नुसत्या ओठांनी विचारलं, "जिंकलो काय?" आणि मी नुसत्या ओठांनी म्हटलं, "गप्प बसा."

निकालाच्या दिवशी साहेबांनी सांगितलं, पैसे दिल्याची साक्ष विश्वासार्ह नाही, दावा फेटाळण्यात येतो. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. विरुद्ध वकील कागद गोळा करायला लागले. नेहमी इथेच संपतं. ज्याने दावा लावला तो घरी जातो, ज्याच्यावर लागला तो देवाचे आभार मानतो आणि वकिलाचे पैसे ज्याचे त्याने सोसायचे असतात.

मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, पयलं पान वाचा."

पट्टेवाला त्यांना बसवायला धावला. साहेबांनी हाताने त्याला थांबवलं आणि आमची कैफियत उघडली. खोट्या दाव्याची भरपाई मागायची तर ती तक्रार सुरुवातीलाच केलेली असावी लागते, मागाहून सुचून चालत नाही. आमची तक्रार पहिल्या पानावर पहिल्या ओळीत होती. वरिष्ठ हे लक्षात येताच माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मुद्दाम केलं होतं. मी मुद्दाम केल्यासारखाच चेहरा ठेवला.

विरुद्ध वकील उठले. "साहेब, ह्यांचं नुकसान काय झालं? लूम तर एक दिवस बंद नव्हते."

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि राग असा आला होता की ठरवायची गरजही नव्हती. म्हटलं, "साहेब, हे गृहस्थ देवीलासुद्धा उधार ठेवत नाहीत. आधी नारळ फोडतात, मग मागतात. ह्यांच्या दारावर कर्ज बुडवल्याचा कागद लागला. गल्लीतल्या बायका ह्यांच्या घरातून भिशीचे पैसे घेऊन गेल्या. रोजच्या चहावाल्याने ह्यांचे पैसे मोजून घेतले. लूम बंद नव्हते हे खरं आहे. बाकी सगळं बंद होतं."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं. दाव्याचा खर्च वादीने द्यावा. प्रतिवादीच्या वकिलाची फी वादीने द्यावी. आणि दावा खोटा व त्रास देण्यासाठी लावलेला आहे असं कोर्टाचं मत असल्यामुळे, कायद्याने जेवढी देता येते तेवढी पूर्ण भरपाई वादीने प्रतिवादीला द्यावी.

माझ्या हातून फायली खाली पडल्या. त्या उचलायला मी वाकले आणि तिथेच टेबलाखाली, कोणाला दिसणार नाही अशी, हसून घेतलं. वरिष्ठ माझ्याबरोबर कोर्टाबाहेर आले. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी हे कधी मागितलंच नाही गं."

रक्कम काही फार नव्हती. कायदाच तेव्हा हात आखडता घेणारा. शेठला ते पैसे म्हणजे किस झाड की पत्ती. पण त्याने ते दिले नाहीत. आणि मग काकांवर असं संकट आलं की ज्याची त्यांना किंवा मला कल्पनाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कोणाकडे येणं झालं होतं.

त्यांना झोप येईना. ते जिना चढून यायचे आणि विचारायचे, "आज आलं काय?" मी सांगायची, वसुलीची दरखास्त लावली आहे, वेळ लागेल. "तो मानूस झोपतो कसा, वकीलबाई? माझं देनं ठेवून झोपतो कसा?" त्यांना शेठचा राग नव्हता. कीव येत होती. काकू म्हणाल्या, "पयले त्याच्यामुळं जेवत न्हवते की देनेकरी म्हनला. आता जेवत न्हाय की घेनेकरी झाले."

मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. शुक्रवारी कारखाना बंद. शुक्रवारी ते छत्री घेऊन मुंबईला जायचे, शेठच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि त्यांच्या मते साध्या आवाजात म्हणायचे, "शेठ, मी आलोय. माझं येनं हाय तुमच्याकडं." सगळा सूतबाजार खिडक्यांतून बघायचा. एवढंच म्हणून ते परत यायचे. मी घाबरले, म्हटलं, "काका, बदनामी केली म्हणून उलटा दावा लावतील." ते म्हणाले, "लावू दे. पयलं पान तयार ठेवा."

एका बाजूने काकांचा शुक्रवार आणि दुसऱ्या बाजूने बेलीफ जप्तीला येणार ही खबर. शेठने निरोप पाठवला की दुकानावर येऊन पैसे घेऊन जा. काकांनी निरोप पाठवला, "जिथं कागद लावला तिथं द्या. शुक्रवारी नको. लूम चालू असतील त्या दिवशी."

भाचाच आला. ह्या वेळी अत्तर नव्हतं. दुपारची वेळ, सगळे कारागीर कामावर, गल्लीतल्या बायका दारात. काका नवीन सदरा घालून उभे होते. भाच्याने पाकीट पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. आत गेले आणि त्यांनी एकामागून एक सगळे लूम बंद केले.

भर कामाच्या दिवशी ते लूम थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. गल्ली इतकी शांत झाली की टपरीवर दूध उतू जातंय ते ऐकू आलं. भाचा पुटपुटला, "काका, ये आपका..."

"मला कमी ऐकू येतं," काका म्हणाले. "मोठ्यानं."

भाच्याने इकडेतिकडे पाहिलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "हे तुमचे पैसे. कोर्टाचा खर्च, वकिलाची फी आणि भरपाई." आणि न विचारताच त्याने आणखी म्हटलं, "दावा खोटा होता."

काकांनी पाकीट घेतलं. आणि म्हणाले, "मिळाले." हळू. खरोखर हळू, तुमच्याआमच्यासारखं. आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. काकू दारात पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. मी तर सरळ रडत होते.

"चहा," काका म्हणाले. "समद्यांना. ह्या पोरालाबी." आणि सवयीने त्यांचा हात खिशात गेला. नवीन सदरा. खिसा रिकामा. पैसे जुन्या सदऱ्यात, जुना सदरा दोरीवर वाळत. हातात फक्त ते पाकीट, आणि ते फोडून चहावर घालवायचं त्यांच्या मनाला पटेना. टपरीवाल्याने किटली उचललेली. सगळे बघत होते. काकांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कोर्टातही पाहिला नव्हता.

टपरीवाला म्हणाला, "रहने दो काका. कल दे देना."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता धावत घरात जातील. ते गेले नाहीत. म्हणाले, "बरं. उद्या." आणि पैसे न देता चहाचा पहिला घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात निघायच्या आत ते जिना चढून माझ्या दारात आले. मुठीत पैसे. खालच्या लूमना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "वकीलबाई, तो पैसे घेत न्हाय. बोलतो, पूरी भिवंडी में काका ने मेरा ही उधार लिया, मैं नहीं छोडूंगा. ह्याच्यावर काय कायदा हाय काय? देनारा देतो आनि घेनारा घेत न्हाय."

"आहे ना," मी म्हटलं. नुकती जिंकलेली वकील होते मी, मला सगळं येत होतं. "कोर्टात पैसे भरता येतात. आजच अर्ज करू."

ते विचार करत उभे राहिले. फळीवरची कपबशी सरकत कडेला आली होती, ती त्यांनी उचलून भिंतीशी लावली. मग मूठ उघडून पैसे खिशात टाकले.

"न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. एक असू दे."